वस्तादांचा पंचा

हट्टा,
३ ऑगस्ट २०२५

हैदर, मित्रा,

धप्. आणि मग थोडं थांबून, धप्.

आज पहाटे या आवाजानं जाग आली. उठून बसलो तेव्हा कळलं की आवाज बाहेर नव्हताच, साठ-पासष्ट वर्षांमागचा होता. आपली चौथीची खोली आणि तालीम यांच्यामध्ये एकच भिंत होती, आठवतं? इकडे गुरुजी कवितेला चाल लावून द्यायचे, आपण सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायचो आणि पलीकडे तुझे अब्बा, मुबश्शीर वस्ताद, शड्डू ठोकायचे. मांडीवर पडलेला तो तळहात बरोबर ओळीच्या शेवटी यायचा. मला तर कितीतरी दिवस वाटायचं की यमक म्हणजे हेच. पुढे मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण तसं यमक मला फळ्यावर कधी दाखवता आलं नाही.

तुला कानाला कमी ऐकू येतं म्हणून फोन करत नाही. खरं सांगायचं तर मलाही फोनवर बोलायला सुचत नाही. हातात पेन असलं की बरं वाटतं.

नागपंचमीला तालमीचा हौद उकरला. नवी तांबडी माती, हळद, ताक, तेल, लिंबाचा पाला, सगळं तुझ्या अब्बांच्या रीतीनं. आता सोनाजी वस्ताद आहे. तो पोरांच्या जोडीला पोरींनाही शिकवतो. काही म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली, पण मी म्हटलं, माती काय विचारते का रे कोण उतरलं म्हणून?

आणि एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. वस्तादांचा तो पंचा अजून मारुतीच्या कोनाड्याखाली त्याच खिळ्यावर आहे. जोर-बैठका, कुस्ती झाली की प्रत्येक जण त्याच पंच्यानं तोंड-मान पुसतो. वस्ताद गेल्यापासून त्याला पाणी लागलेलं नाही. वर भिंतीवर मी केलेल्या दोन ओळी रंगवल्यात :

पंचा हा वस्तादांचा, याला पाणी नका दाखवू,
घाम गुरूचा अंगी लावू, मातीचे ऋण जागवू.

वृत्तात जरा लंगडतात, पण पोरं मोठ्यानं म्हणतात तेव्हा मला चौथीची खोली ऐकू येते.

माझी नात पुनम आता अकरावीत आहे. पुढच्या आठवड्यात सेनगावला तिची कुस्ती. तिथं जिंकली तर हिंगोलीला निवड चाचणी, आणि या वयोगटात तिचं हे शेवटचंच वर्ष. मानेवर एक केसतूड उठलंय, चांगलं बोराएवढं. सोनाजीनं तालमीची माती थापून वर पट्टी बांधली आहे. दुखतं, पण पोरगी बोलत नाही.

तुझा,
उत्तम

*

शिरड शहापूर,
९ ऑगस्ट

उत्तम गुरुजी, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी वाचलं, मग नातसून उझ्माकडून वाचून घेतलं, कारण पंच्याच्या ओळीपाशी आलो की चष्मा ओला होऊन राहिला होता. अब्बांचा पंचा अजून हाय! मला वाटलं होतं उंदरानं कुरतडला असंल, न्हाई तर कुणी मशीन पुसायला नेला असंल. हट्टा सोडून मला इतकी वर्षं झाली, आमच्या घराची जागासुद्धा आता दुसऱ्याची हाय, पण त्या खिळ्यावर आमचं काहीतरी लटकून हाय म्हणायचं.

तुझी कविता लई भारी. लंगडती तर लंगडू दे, माझा गुडघा बी लंगडतो.

माझं शिवणकाम चालू हाय, पण थोडंथोडं. कंबर बसू देत न्हाई. तेवढ्यापायी हट्ट्याला यायचं राहून राहतं.

पुनमला म्हणावं, केसतुडाला काय भ्यायचं. आमी लहानपणी हौदाची मातीच थापत होतो. मातीनं सगळं बसून जातं. आणि म्हणावं, सेनगावात माझी बहीण शहनाज दिलेली हाय, तिच्या गल्लीतले लोक लई हुशारी मारतात कुस्तीची. तिथं चितपट करून ये, म्हणजे मी तिला चिडवायला मोकळा.

हैदर

*

हट्टा,
१९ ऑगस्ट

हैदर,

चितपट!

जीपमधून आम्ही सात जण गेलो आणि येताना गुलालानं ओळखू येत नव्हतो. तुला सगळं सांगतो.

समोर ऐश्वर्या नावाची सेनगावचीच मुलगी होती. पुनमपेक्षा वीतभर उंच, आणि काय चपळ! गावची पोरगी म्हणून सगळं मैदान तिच्या बाजूनं. वजनाच्या वेळी तपासायला बसलेल्या माणसानं पुनमच्या मानेवरची पट्टी बघून विचारलं, "हे काय?" सोनाजी म्हणाला, "डास चावलाय साहेब. आमच्याकडं डास पैलवान हायेत." तो हसला आणि पुढं बघायला लागला.

कुस्ती रंगली. दोघी किती तरी वेळ मानेला मान लावून उभ्या. पुनमची पट्टी त्यातच कुठे तरी सुटून पडली. ऐश्वर्यानं एकदा पट काढून तिचे पाय धरले होते, पण पुनम निसटली आणि ऐश्वर्या गुडघ्यावर आपटली, कातडं सोललं. पुढच्याच डावात पुनमनं तिला पाठीवर टाकलं.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. पोरीनं काय केलं असेल? नशीब म्हणून आम्ही वस्तादांचा पंचा बरोबर नेला होता. पुनमनं स्वतःचं तोंड पुसलं, आणि तोच पंचा हरलेल्या ऐश्वर्यापुढं धरला. त्या मुलीनं आधी तोंड पुसलं, मग खाली बसून गुडघ्यावरचं रक्त पुसलं. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या हैदर, दोन्ही बाजूंनी. जीपमध्ये मी डोळे मिटून बसलो होतो. मला वाटलं, वस्ताद असते तर त्यांनी एक शड्डू ठोकला असता.

हल्लीच्या पोरांना मात्र शड्डू ठोकता येत नाही. टाळी वाजवल्यासारखा वाजवतात.

२१ सप्टेंबरला हिंगोली. दुआ कर.

उत्तम

*

शिरड शहापूर,
३० ऑगस्ट

उत्तम,

पहिलं हे सांग, पुनमची तब्येत कशी हाय?

कालच्याला शहनाजचा निरोप आला. तिच्या मागच्या गल्लीतली पोर, ऐश्वर्या नावाची, आठ-दहा दिवस झाले नांदेडला दवाखान्यात हाय. कुस्तीत गुडघ्याला खरचटलं होतं. घरच्यांनी दोन दिवस हळद लावली. मग गुडघा भोपळ्यासारखा सुजला, अंगात ताप भरला, पोर बडबडाया लागली. नांदेडात चिरून पू काढला. डॉक्टर म्हणतेत, जंतू सांध्यापर्यंत गेलाय. तिची आई जिवनबाई शहनाजजवळ रडून सांगत होती, पाय वाचतो का न्हाई याची बी दोन दिवस खात्री नव्हती म्हणून.

ही तीच का? तूच लिहिलं होतं, ऐश्वर्या, सेनगाव, गुडघा.

आणि पुनमचं केसतूड बसलं का?

हैदर

*

हट्टा,
३ सप्टेंबर

प्रिय हैदर,

बातमी वाचून वाईट वाटलं. पण सेनगावात ऐश्वर्या काय एकच असणार आहे का? आणि असली तरी खेळात लागतंच. कुठे काटा-खडा गेला असेल. आजकालची लेकरं नाजूक. आपल्या वेळी आपण शाळेच्या चिंचेवरून पडायचो आणि तसेच वर्गात जाऊन कविता म्हणायचो.

ती चिंच अजून आहे, सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी तिच्याखाली बसलो होतो. पानं मिटत होती. मुलांना कविता पाठ करायला सांगितलं की घरी जाताना ती ओठ हलवत जायची, तशी ती पानं दिसतात. मला वाटतं, म्हातारपणी माणसाला झाडांचंच बरं ऐकू येतं.

पुनम ठणठणीत आहे. सराव चालू आहे.

ता. क. केसतुडाचं शहनाजला बोलू नकोस. लोक उगाच तिळाचा ताड करतात, आणि निवड तोंडावर आली आहे.

उत्तम

*

शिरड शहापूर,
७ सप्टेंबर

उत्तम,

तुझ्या पत्रात चिंच हाय, चिंचेची पानं हायेत, पोरांचे ओठ हायेत. जिचा गुडघा चिरला ती पोर तुझ्या पत्रात न्हाई.

तू लपवून राहिला का? काहून? मी तुला चौथीपासून ओळखतो. गुरुजींनी छडी उचलली की तू कविता म्हणायला लागत होता.

सरळ लिही. पुनमला काय झालं? तालमीत आणखी कुणाला झालं?

हैदर

*

हट्टा,
११ सप्टेंबर

हैदर,

सरळ लिहितो.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा पुनमच्या काखेत नवीन दोन गळवं उठली होती आणि मला ते माहीत होतं. तालमीतल्या आणखी दोघींना झालंय, एकीच्या मांडीवर, एकीच्या हनुवटीवर. सोनाजीच्या पाठीवर तर असं उठलंय की तो उताणा झोपू शकत नाही. आम्ही सगळ्यांना माती थापत होतो.

परवा पुनमला हुडहुडी भरली. तिला वसमतला डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर आहेत, बोलायला शांत. त्यांनी गळवं फोडून साफ केली, पू तपासायला पाठवला, गोळ्या दिल्या. बरं वाटलं तरी गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत म्हणून दोनदा बजावलं. म्हणाले, "हा जंतू कातडीवरच राहतो. घासलेली, खरचटलेली जागा मिळाली की आत शिरतो. कुस्तीत अंगाला अंग लागतं, म्हणून एकाचं दुसऱ्याला होतं. पूर्ण सुकेपर्यंत हिनं कुणाच्या अंगाला अंग लावायचं नाही. माती तुमची असू द्या, पण उघड्या जखमेवर नको."

मग विचारलं, "टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असतो ना?"

सोनाजीनं मोठ्या अभिमानानं पंच्याची गोष्ट सांगितली. डॉक्टर ऐकत राहिले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे सगळ्यांचा एकच टॉवेल. न धुतलेला." मला राग आला हैदर. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तो टॉवेल नाही." ते म्हणाले, "गुरुजी, जंतूला ते कळत नाही."

जीपनं परत निघालो. वसमत मागे पडल्यावर पुनम म्हणाली, "आजोबा, ऐश्वर्याला माझ्यामुळं झालं का? मीच पंचा दिला तिला." मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

आता सोनाजी म्हणतो, कातडीच्या रंगाची चिकटपट्टी मिळते, वरून पावडर मारू, हिंगोलीत कुणाला कळत नाही. "गुरुजी, पोरीचं शेवटचं वर्ष हाय. एक दिवसाचा तर प्रश्न हाय. तुमी फक्त गप ऱ्हावा." तोही वाईट माणूस नाही. पाच वर्षं पहाटे उठून त्यानं या पोरी घडवल्यात, एक रुपया न घेता. आणि पुनम मला काही म्हणत नाही, फक्त तिची लाल जर्सी धुऊन दांडीवर वाळत घातली आहे. ती मला सारखी दिसते.

पंच्याचं तर मला काहीच सुचत नाही. तालमीत म्हणतात, धुतला तर वस्तादांचा अपमान. तो तुझ्या अब्बांचा आहे. तूच सांग, त्याला पाणी लावायचं का?

उत्तम

*

शिरड शहापूर,
१४ सप्टेंबर

उत्तम,

तुझं पत्र आलं तवा मी जेवत होतो. ताट तसंच ठेवून हे लिहून राहिलो.

अब्बांचा पंचा रोज धुतला जात होता. कोण धूत होतं? मी. शाळा सुटली की तू चिंचेखाली जात होता आणि मी विहिरीवर. रिठ्याच्या पाण्यात चोळायचा, दगडावर आपटायचा, उन्हात टाकायचा. जुम्म्याच्या आदल्या दिवशी अम्मी उकळत्या पाण्यात घालत होती. जरा ओलसर राहिला तर अब्बा माझ्याच तोंडावर फेकत होते. आणि तो पंचा त्यांचा एकट्याचा होता. दुसऱ्याच्या लंगोटाला, दुसऱ्याच्या पंच्याला हात लावला म्हणून त्यांनी भल्याभल्या पैलवानांना हौदाबाहेर काढलं.

हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं. मला आठवलंच न्हाई. माझ्या बापाची आठवण खिळ्याला लटकून हाय एवढ्यावरच मी खूष होऊन बसलो. वरून पोरीला माती थाप म्हणून लिहिलं. अब्बा मुक्या मारावर, सुजेवर माती लावत होते. फुटलेल्या फोडावर कधीच न्हाई. हे बी मला आत्ता आठवून राहिलं, आत्ता, जवा त्या लेकराचा गुडघा चिरून झाला.

आणखी एक. मी कुस्ती काहून सोडली, तू मला कधी विचारलं न्हाई. हट्ट्याच्या जत्रेत माझी पहिली मोठी कुस्ती ठरली होती. अम्मीनं नवा लंगोट शिवला होता. हौदात उतरायच्या आधी अब्बांनी सगळ्यांची पाठ, मान, काख बघितली, रोज बघत होते तशीच. माझ्या खांद्यावर केसतूड होतं. मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. मी रडलो, पाया पडलो. अब्बा म्हणले, "तुझी कुस्ती पुढच्या साली परत येईल. त्या पोराचं कातडं येईल का?" मी रुसलो तो रुसलोच, मशीनवर जाऊन बसलो. कुस्ती काही परत आली न्हाई, ते खरं. पण ते चुकले होते असं मला आज बी म्हणता येत न्हाई.

आता पुनमला काय सांगायचं ते तू बघ. ती तुझी नात हाय.

पंचा उकळत्या पाण्यात धुवा आणि माझ्याकडं पाठवून द्या. तो माझ्या बापाचा पंचा हाय, नवसाचा देव न्हाई. भिंतीवरच्या तुझ्या ओळी पुसून टाक, दोस्ता. वाईट वाटून घेऊ नको.

यासंगं गठुडं पाठवून राहिलो. कोऱ्या मांजरपाटाचे पंचे हायेत, तालमीतल्या सगळ्यांना पुरतील. कोपऱ्यात धाग्यानं नावं टाकायची जागा सोडली हाय. ज्याचा त्यानं वापरायचा, ज्याचा त्यानं रोज धुवायचा.

हैदर

*

हट्टा,
२२ सप्टेंबर

हैदर,

तुझं पत्र मी तालमीत उभं राहून सगळ्यांसमोर वाचलं. तुझ्या कुस्तीची गोष्ट आली तिथे मी कागद पुनमच्या हातात दिला, उरलेलं तिनं वाचलं. वाचून झाल्यावर ती पत्राची घडी घालत म्हणाली, "सोनाजीकाका, मी जाणार न्हाई हिंगोलीला."

सोनाजी उठला. "पोरी, तुला कळतंय का काय बोलून राहिली? पाच वर्षं! पुढच्या साली वरच्या गटात थोराड पोरी असतात, तुला उभं बी राहू देणार न्हाईत!"

"मग न्हाई उभं राहिले तर न्हाई."

"गुरुजी, तुमी सांगा की हिला!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडात एक कविताच येत होती, खोटं कशाला सांगू. ती गिळली आणि म्हटलं, "सोनाजी, तिचं बरोबर आहे. तुझीही पाठ आधी दाखवून ये." तो चपला न घालताच निघून गेला. चार दिवस आमच्याकडं आला नाही. हौद बंद आहे.

पुनमनंच चुन्याची बादली आणून भिंतीवरच्या ओळी पुसल्या. पहिल्या हातात त्या गेल्या नाहीत, चुन्याखालून 'पाणी नका दाखवू' एवढं वाचता येत होतं. तिनं दुसरा हात मारला. मी बाजूला उभा होतो. माझी एवढी एकच कविता लोकांनी पाठ केली होती.

पंचा उकळला. त्या पाण्याचा रंग मी तुला सांगत नाही. वाळल्यावर तो इतका पातळ निघाला की पलीकडची चिंच दिसत होती. या पत्रासोबत पाठवतो आहे.

तुझे नवे पंचे वाटले. पोरी घरी बसून आपापली नावं भरतायत. एकीनं नावाऐवजी सिंह काढायला घेतला होता, तो मांजर झालाय.

ऐश्वर्याच्या घरी मी पत्र लिहिलं. मानेवरचं केसतूड, डासाचा विनोद, पंचा, सगळं. त्यांना वाटत असणार त्यांच्याच हळदीनं पोरीचा गुडघा चिघळला. जिवनबाई स्वतःला दोष देत असतील, ते तरी थांबावं म्हणून लिहिलं. चार दिवस झाले, उत्तर नाही. पोलिसांत जातील, दारात येऊन शिव्या देतील, जे करतील ते बरोबरच असेल. शहनाजकडून एवढंच कळलं की मुलगी घरी आलीय, काठी धरून चालते, आणि पुन्हा खेळता येईल की नाही हे डॉक्टर आताच सांगत नाहीत.

काल २१ तारीख होती. पुनम दिवसभर अंगणात शेंगा फोडत बसली. दुपारी चाचणी सुरू व्हायच्या वेळेला तिचे हात थांबले, तेवढंच. जर्सी अजून दांडीवर आहे. ती काढ म्हणायची हिंमत मला होत नाही, आणि ती काढत नाही.

मी तुला आता

थांब. बाहेर रिक्षा उभी राहिल्यासारखी वाटते आहे.

हैदर, पेन पुन्हा हातात घेतलंय.

दारात ऐश्वर्या होती. मागे जिवनबाई, हातात माझं पत्र, तोंडावरून काही कळत नव्हतं. मुलगी किती वाळली आहे! गुडघ्याला पांढरी पट्टी, काखेत काठी. मी उठून "ये बाळ" म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. "पुनम हाय का?" म्हणाली.

पुनम आतून आली आणि चौकटीपाशी थबकली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

ऐश्वर्यानं दांडीवरच्या लाल जर्सीकडं पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली, पाठ चौकटीला लावली, धड असलेल्या पायावर सगळा भार घेतला आणि त्याच मांडीवर तळहात मारला.

धप्.